उडी खाली येते तेव्हा

थंडी पडली की बडोद्यातली माणसं खूश होतात. खंडेराव मार्केटात हिरव्या लसणाच्या जुड्या आणि पापडीचे ढीग दिसायला लागतात, घरोघरी उंधियूचे बेत ठरतात, मांजावाले रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये गुलाबी दोरा ताणून त्याला काच लावत बसतात. शेजारच्या हंसाबेन सकाळी गच्चीत उन्हाला बसून मला विचारतात, "मजानी ठंडी छे, नहीं?" मी "हो" म्हणते आणि आत येऊन भांडी आपटते. डिसेंबरात माझं डोकं जे फिरतं ते उत्तरायणाचे पतंग खाली येईपर्यंत ठिकाणावर येत नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्वेटर बाहेर निघाले की नवरा माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

थंडी म्हणजे खेळांचा मोसम, आणि खेळांचा मोसम म्हणजे निवड चाचण्या. मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, त्यामुळे त्यांच्यापासून पळून जायची सोय नाही. सोळा वर्षांपूर्वी अशाच एका चाचणीत माझ्या धाकट्या बहिणीचा, सुजाताचा, डावा गुडघा गेला. पंधरा वर्षांची होती ती. तिच्या वयाच्या मुलींत तिच्याएवढी उंच उडी मारणारी आमच्या गावात दुसरी कोणी नव्हती. बहिणीचं कौतुक म्हणून हे सांगत नाहीये, त्या दिवशी भिंतीवर मोजून सिद्ध झालं होतं. आणि मोजून झाल्यावर पाच मिनिटांत तिचा खेळ कायमचा संपला.

यंदाची चाचणी आमच्याच मैदानावर होती. एक तरुण कोच आला होता, गळ्यात शिट्टी, मांडीवर लॅपटॉप. भिंतीवर आकड्यांची काळी पट्टी चिकटवलेली. मुलीने बोटांना खडू लावायचा, उभ्या जागेवरून उडायचं, बोटं जिथे टेकतील तो आकडा हा लॅपटॉपमध्ये घालणार. आठवीतली एक सडपातळ मुलगी उडाली. काय उडाली म्हणून सांगू! आणि खाली आली ती गुडघा आत वळवून, तीन पावलं भेलकांडत, थेट माझ्या अंगावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोचने तिचं नाव दोनदा विचारून घेतलं.

"नीचे केवी आवी ए जोयुं तमे?" ती खाली कशी आली ते बघितलंत का, असं मी त्याला विचारलं.

"बेन, हाइट जुओ ने, हाइट!" तो हसत म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हाइट काय बघू, कपाळ माझं?" मी ओरडले. राग आला की मी आधी मराठीत ओरडते, मग समोरच्याला कळत नाही म्हणून गुजरातीत, आणि तरी भागलं नाही तर हिंदीत. त्या दिवशी तिन्ही भाषा लागल्या. शेवटी मुख्याध्यापिकांनी मला ऑफिसात नेऊन पाणी दिलं. "तुमचं नेहमीचंच आहे," असं त्या म्हणाल्या नाहीत, पण पंखा मात्र भर थंडीत लावला.

आता या माणसांना किती वेळा समजवायचं? उंच उडणं आणि तोल सांभाळणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उडी मांडीची आणि पोटरीची, एका झटक्यात होऊन जाणारी. तोल घोट्यातल्या बारीकसारीक स्नायूंचा, पाठीचा, आणि खरं तर लक्ष देण्याचा. माझ्याकडे अशा मुली आल्यात की ज्या वीतभरसुद्धा वर जात नाहीत, पण एका पायावर डोळे मिटून उभ्या राहिल्या तर देवळातल्या दीपमाळेसारख्या. आणि अशाही आल्यात की उडाल्या की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, पण एका पायावर बूट घालायला सांगा, धडपडल्याच. लोकांना वाटतं, जी एवढी उडते तिला तोल असणारच, वेगळा काय बघायचा? डोंबल असणार! जी जास्त उंच जाते ती जास्त जोराने खाली येते, म्हणजे तिला तोल इतरांपेक्षा जास्त हवा. एवढं साधं गणित आहे, पण ते पट्टीवर दिसत नाही.

आमच्या मास्तरांना ते बिनपट्टीचं दिसायचं. मास्तर म्हणजे आमच्या आखाड्याचे मास्तर, सगळं गाव त्यांना तेवढ्याच नावाने ओळखायचं. आमचे पणजोबा संस्थानाच्या घोडदळात होते, आजोबा फौजेत बिगुल वाजवायचे, आणि बाबा गोरव्याला एका कारखान्यात लेथवर उभे राहायचे. घोडे गेले, बिगुल गेला, पण मुलांना पहाटे आखाड्यात धाडायची रीत तेवढी घरात उरली होती. ती मुलींनाही लागू होती, याबद्दल मी बाबांना मार्क देते. थंडीत आम्ही दोघी शाल पांघरून निघायचो. तांबड्या मातीचा वास, त्यात तेलाचा वास, मल्लखांबाला चोळलेल्या एरंडेलाचा वेगळा. मातीवर पहिलं पाऊल टाकलं की गारठा टाचेतून दातापर्यंत जायचा.

त्या आखाड्यात एक नियम होता. उडीच्या खड्ड्याकडे जायच्या आधी विटेवर उभं राहायचं. वीट आडव्या कडेवर ठेवायची, तिच्यावर अनवाणी एक पाय, दुसरा गुडघ्यात दुमडलेला, डोळे बंद. थोरल्या मुलींपैकी एकीने साठपर्यंत मोठ्याने मोजायचं. मग दुसरा पाय, पुन्हा साठ. मध्ये पाय टेकला तर पुन्हा एकपासून. आमच्यात पटेलांच्या, शहांच्या मुलीही होत्या. घरी त्या गुजरातीतच मोजत असतील, पण आखाड्यात साठ व्हायचे ते मराठीतच. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास म्हणताना त्यांची बोबडी वळायची आणि विटेवरची हसून पडायची. मास्तरांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. ते पलीकडे मुलांना मल्लखांब शिकवत आमच्याकडे पाठ करून उभे असत आणि मोजणी कानांनी ऐकत. "वर गेलात ती अर्धीच झाली," असं ते म्हणायचे, "खाली येऊन उभे राहा, मग मी तिला उडी म्हणेन." आम्हाला ते तेव्हा म्हातारपणाचं बोलणं वाटायचं.

सुजूचा उजवा पाय पहिल्या दिवसापासून छान होता. डावा मात्र राहायचाच नाही. बावीस, पंचवीस, फार तर तीस, की घोटा थरथरायला लागायचा आणि ती मातीत. पुन्हा एकपासून. चार-चार वेळा. बाकीच्या मुली उडून, हातपाय धुऊन घरी जायच्या आणि ही आपली विटेवर, नाकातून वाफा काढत, ओठ दाबून. रडायची नाही. पण त्यानंतर खड्ड्याकडे गेली की असं काही उडायची की मल्लखांबावरची मुलं हात सोडून बघत राहायची. मी तिची थोरली बहीण, माझं काय होत असेल! माझी स्वतःची उडी म्हणजे बसलेल्या कोंबडीला हाकललं तर ती जेवढी उठेल तेवढी. विटेवर मात्र मी दोन्ही पायांवर साठ काय, दोनशेही उभी राहायचे. त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

त्या वर्षी घरोघरी केबल आली होती. दुकानांत नवेनवे बूट आले होते, जाड तळव्याचे, आत हवेची गादी असलेले. टीव्हीवर ते बूट घालून लोक इमारतींवरून उड्या मारायचे. बाबांनी सुजूला ते आणले. मास्तर म्हणाले, "पोरीला पायाखालची जमीन कळू द्या की हो." बाबा घरी येऊन म्हणाले, "मास्तरांचा जमाना गेला. आता जग पुढे चाललंय." बाबा लेथवर कामाला होते, सुताएवढा फरक त्यांच्या बोटांना कळायचा. मुलीचा पाय बुटात कसा पडतोय हे मात्र त्यांना दिसलं नाही.

मग चाचणी आली. राज्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी मुली निवडणार होते. तिथे गेलं की शिक्षण, खाणं, सराव, सगळं त्यांच्याकडे. सुजूला तेच हवं होतं. तिला वहीच्या मागच्या पानावर वसतिगृहाच्या खोलीचं चित्र काढायची सवय लागली होती, त्यात दोन खाटा असायच्या, एक तिची आणि एक कोणा अनोळखी मुलीची. सरकारी हॉलमधला कोबा थंडगार आणि गुळगुळीत होता. पट्टी, खडू, टेबलामागे सिलेक्टर, सगळं यंदासारखंच, फक्त लॅपटॉपऐवजी कागद. उडी मारायची, आकडा लिहायचा, पुढची मुलगी. खाली येऊन कोण कशी उभी राहते हे बघायला तिथे एकही माणूस नेमलेला नव्हता.

सुजू पहिल्यांदा उडाली आणि रांगेतल्या मुली बघायला पुढे सरकल्या. दुसऱ्यांदा उडाली, तेव्हा सिलेक्टर खुर्चीवरून उठले. झालं होतं तिचं! आकडा लिहिला होता, नाव लिहिलं होतं. तेवढ्यात कोणी मोठे साहेब आले, हारतुरे झाले, आणि सिलेक्टरना सुचलं, यांना दाखवू या. "बेटा, साहेबने बतावो, फरी एक वार." जशी काही सर्कस चालली होती! सुजूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, जा म्हणून.

ती उडाली आणि तिची बोटं पट्टीच्या वर, कोऱ्या भिंतीला लागली. खाली येता येता तिने मान वळवून खडूचा डाग कुठे लागला ते बघितलं. सगळा भार एकट्या डाव्या पायावर आला. बुटाचा जाड तळवा कलंडला, गुडघा आत गेला, आणि सुकी काटकी मोडावी तेवढाच आवाज झाला. मोठा नव्हता, पण मी तो वीस पावलांवरून ऐकला. ती कोब्यावर बसली. रडली नाही. गुडघा दोन्ही हातांनी धरून तिने विचारलं, "किती झालं?" आणि सिलेक्टरनी तिला आकडा वाचून दाखवला. आधी आकडा वाचला हो त्या माणसाने, मग पाणी मागवलं!

आठवड्याने यादी लागली. तिच्यात पहिलं नाव सुजाताचं होतं, कारण ते खोडायचेही कष्ट कोणी घेतले नव्हते. बाबांनी तिला हाडवैद्याकडे नेलं. मुरगळलंय असं वैद्य म्हणाले, दोन महिने तेल चोळलं, पट्ट्या बांधल्या. सूज उतरली, पण गुडघा मध्येच दगा देऊन निसटायचा. मग डॉक्टरने सांगितलं की आतलं लिगामेंट तुटलंय, आता उड्या विसरा. आज सुजू तरसालीला राहते, शाळेत गणित शिकवते. रिक्षातून उतरताना आधी उजवा पाय टेकते, जिना कठडा धरून एकेक पायरी उतरते. उत्तरायणाला सगळं गाव गच्चीवर असतं, ती खाली ओट्यावर बसून तिळाच्या चिक्कीचे तुकडे करते आणि वरून येणारं पतंग कापल्याचं "काइ पो छे" ऐकते. आमच्या गच्चीला लोखंडी शिडी आहे.

सिलेक्टरचा मला राग आहे. त्या हार घातलेल्या साहेबांचा आहे. बुटांचा आहे, बूट आणणाऱ्या बाबांचा आहे, ते जाईपर्यंत त्यांच्याशी मी या विषयावर नीट बोलले नाही. हाडवैद्याचा आहे. सोळा वर्षं मी ही नावं घेत आले, लग्नकार्यात, शाळेत, कोणी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग मला स्वतःचा आहे आणि तो सांगायला मला यंदाची थंडी लागली.

त्या मोसमात साठ मोजायचं काम माझ्याकडे होतं. सुजू डाव्या पायावरून चार-चार वेळा पडायची, शाळेला उशीर व्हायचा, आणि मला तिची उडी बघायची घाई असायची. मी विचार केला, ही एवढी उडते, हिला विटेचं काय काम? तेव्हा मी तिला सांगितलं, "उजवा कर आणि पळ खड्ड्याकडे." आणि मास्तर कानांनी ऐकताहेत म्हणून मी डाव्या पायाचे साठ आकडे मोठ्याने मोजत राहिले. माझ्यासमोर नुसती वीट होती, तिच्यावर कोणी नव्हतं. एक, दोन, तीन, मधूनमधून खोटंच "अगं, सरळ!" असं ओरडायचेसुद्धा. दिवाळीपासून चाचणीपर्यंत रोज. मास्तर एकदा पाठमोरेच म्हणाले, "आता सुजाताचा डावा जमला वाटतं." मी म्हटलं, "हो मास्तर." त्या चाचणीतल्या माणसांनी तिचा तोल एकदा बघितला नाही म्हणून मी सोळा वर्षं बोंब मारतेय, आणि मी तो सबंध थंडीभर रोज सकाळी बघितला नाही.

कोचशी भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. उंधियूची भाजी आणायला आम्ही दोघी खंडेराव मार्केटात गेलो. मी पापडी निवडता निवडता कोचची कथा सांगत होते, अगदी हातवारे करून. हाइट जुओ म्हणे! या लोकांना कोब्यावर उभं करून शंभर उड्या मारायला लावल्या पाहिजेत. सुजू रताळी बघत होती. तिने एक रताळं परत ठेवलं आणि म्हणाली, "बस कर, ताई."

"का बस करू? तुझ्यासाठीच चिडते ना मी?"

"माझ्यासाठी?" तिने माझ्याकडे बघितलं. "बाबांवर तू चिडलीस. सिलेक्टरवर तू चिडलीस. मला बघायला आले तेव्हा मुलाच्या आईने पायाबद्दल विचारलं, मी काही बोलायच्या आत तू त्यांना झापलंस. मग सगळे म्हणतात, सुजाता किती शांत आहे, हिने किती सोसलं. अगं, मी शांत नाहीये! माझ्या पायाचा सगळा राग तूच करून टाकलास. मला करायला काही ठेवलंसच नाहीस."

पापडीवाल्या मावशींचा तराजू हातातच राहिला. मग मी जे कधी बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, "सुजू, ती मोजणी खोटी होती."

"मग मी कुठे होते? तिथेच होते ना? खड्ड्याशी उभी राहून ऐकत होते मी तुझे आकडे."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. चाचणीच्या आदल्या दिवशी, आखाड्यातून येताना, दूधवाल्याच्या वळणावर. म्हटलं, ताई, डावा पाय राहत नाहीये, मला भीती वाटते, उद्या नको जाऊ या. तू म्हणालीस, वेडी आहेस का, मी सगळ्यांना सांगून बसलेय."

मला ते आठवत नव्हतं. तिथे भाजीच्या ढिगांमध्ये उभी राहून मी आठवायचा फार प्रयत्न केला. त्या मोसमातलं मला सगळं आठवतं, मातीचा गारठा, एरंडेलाचा वास, खडूचा डाग, आकडासुद्धा. दूधवाल्याचं वळण आठवतं. तिचं वाक्य आठवत नाही.

"बेन, घरे जईने झघडजो," मावशी हळूच म्हणाल्या.

सुजूने पिशवी माझ्या हातात दिली. तिचा आवाज चढला होता, आयुष्यात पहिल्यांदा मी तो चढलेला ऐकत होते, लिंबूवालेसुद्धा मागे वळून बघायला लागले होते. "घरी नाही, इथेच बोलणार आहे मी," ती म्हणाली. "आणि तू मध्ये एक शब्द बोलू नकोस."

मी बोलले नाही.